युनिट कोणाच्या खात्यात?

आमच्या घरात विजेची दोन बिलं येतात. एक कामथडीच्या घराचं, महावितरणचं. दुसरं लालबागच्या चाळीतल्या खोलीचं, बेस्टचं. भोर-वेल्ह्याकडची माणसं गिरण्यांच्या काळात पोटासाठी मुंबईला गेली, त्यांतलेच आमचे आजोबा. गिरणी गेली, खोली राहिली. तिथे आता चुलतभाऊ राहतो. गेल्या गणपतीत तो गावी आला, गच्चीवरच्या सोलरच्या प्लेटा बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तुमची लाइट तर उन्हाची झाली. आमची कसली असते रे?"

मी म्हणालो, "तुझीही थोडी उन्हाची, थोडी वाऱ्याची. कायद्यानेच तसं बांधून घातलंय."

त्याला ते काही पटेना. चाळीवर एक प्लेट नाही, परळ-लालबागला एक पवनचक्की नाही, मग उन्हावाऱ्याची वीज त्याच्या खोलीत शिरते कुठून? त्या संध्याकाळी त्याला तोंडी जे सांगितलं, ते अर्धवट राहिलं. हा हिशेब गावाने आणि शहराने दोघांनीही समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो इथे सवडीने मांडतो.

सुरुवात डेअरीपासून करतो. सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर प्रत्येकाचं दूध मोजतात, फॅट लावतात, नोंद करतात आणि मग सगळं दूध एकाच टाकीत जातं. त्यानंतर कोणता थेंब कोणाच्या गाईचा, हे कोणालाही सांगता येत नाही. पण कोणी किती लिटर घातलं, हे नोंदीत चोख असतं आणि पैसे त्या नोंदीप्रमाणेच मिळतात. विजेचं जाळं ही तशीच टाकी आहे. कोराडीच्या कोळशाची, साताऱ्याच्या पवनचक्क्यांची, भाटघरच्या पाण्याची वीज एकाच तारांमध्ये उतरते. लालबागच्या पंख्याला यांतली कोणती पोचली, हे तारेला ठाऊक नसतं.

आता समजा, एखाद्या हलवायाला सरकारने सांगितलं की तुझ्या वर्षभराच्या खरेदीत शंभर लिटरमागे तीस लिटर गाईचं दूध असलंच पाहिजे. टाकी तीच राहील. पण हलवायाला गाईवाल्यांशी तेवढ्या लिटरचा करार करावा लागेल, पैसे मोजावे लागतील आणि वर्षाअखेर नोंदी दाखवाव्या लागतील. याचा परिणाम गोठ्यात दिसतो. गिऱ्हाईक पक्कं झालं की गाईवाला आणखी दोन गाई बांधतो. विजेतल्या अशाच सक्तीला 'नवीकरणीय ऊर्जा खरेदी बंधन' म्हणतात. या क्षेत्रातली माणसं बोलताना 'आरपीओ' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

या बंधनाचं मूळ २००३ च्या वीज कायद्यात आहे. त्याचं कलम ८६ (१) (ई) राज्यांच्या वीज नियामक आयोगांना सांगतं, की वीज वाटणाऱ्या कंपन्यांच्या क्षेत्रात जेवढी वीज खपते, तिचा ठरावीक टक्का अपारंपरिक स्रोतांतून घ्यायला लावा. महाराष्ट्राच्या आयोगाने २००६-०७ साठी ३ टक्के ठरवले आणि दर वर्षी एकेक टक्का चढवत २००९-१० पर्यंत ६ टक्क्यांवर आणले. २०१० च्या नियमावलीत सौरऊर्जेसाठी वेगळा वाटा आला, तोही सुरुवातीला अवघा पाव टक्का. २०१९-२० साठी एकूण आकडा १५ झाला, २०२४-२५ साठी २५. पुढे केंद्र सरकारने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २० ऑक्टोबर २०२३ रोजी देशभरासाठी चढती पायरी जाहीर केली. २०२४-२५ मध्ये २९.९१ टक्के, आणि तिथून चढत २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्के. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत आपण शंभरातल्या तीन युनिटांवरून त्रेचाळीसवर जायला निघालो आहोत.

हे बंधन महावितरणला आहे, टाटा-अदानींना आहे, स्वतःची वीज स्वतः बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांनाही आहे. कारखान्यांनी याविरुद्ध भांडून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिंदुस्थान झिंकच्या खटल्यात हे बंधन योग्य ठरवलं. पण मला इथे बोलायचं आहे ते बेस्टबद्दल, कारण महाराष्ट्रात शहराच्या स्वतःच्या मालकीची वीज कंपनी ती एकच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत दहा लाखांहून जास्त ग्राहकांना ती वीज देते. उपक्रम महापालिकेचा, महापालिका मुंबईकरांची. म्हणजे चुलतभाऊ बेस्टचा नुसता ग्राहक नाही, एका परीने मालकही आहे. त्यामुळे "आमची वीज कसली?" हा त्याचा प्रश्न मालकाचा प्रश्न आहे.

बेस्टचा जन्म ट्रामचा. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी, १९०५ मध्ये तिची वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी झाली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेच्या ताब्यात आली. सुरुवातीला कंपनीने वाडी बंदरला स्वतःचं जनित्र बसवलं होतं. नंतर टाटांची पाण्यावरची वीज आली आणि कंपनी ती विकत घेऊन वाटू लागली. तेव्हापासून बेस्ट ही विजेचं वाटप करणारी संस्था आहे, बनवणारी नाही. आरपीओच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. ज्याच्याकडे स्वतःचा गोठा नाही, त्याला शेवटचा थेंबसुद्धा कोणाशी तरी करार करूनच आणावा लागतो.

टाटांची ती वीज कुठली होती, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. लोणावळा, आंध्र खोरं आणि मुळशी इथे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला, कोकणात सोडलं. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीत शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. धरण झालंच. भाताची खाचरं, देवळं, गावठाणं पाण्याखाली गेली आणि मुंबईच्या गिरण्या व ट्राम त्या विजेवर चालल्या. मुंबई शंभर वर्षांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर धूर न ओकणाऱ्या विजेवर चालत होती, आणि त्याची किंमत मावळच्या माणसाने चुकती केली होती.

आणि तरीही आरपीओ सुरू झाला तेव्हा भिऱ्याचं एकही युनिट बेस्टच्या खात्यात धरलं गेलं नाही. कारण नियमावलीत पाण्याची वीज 'नवीकरणीय' धरायची, पण प्रकल्प २५ मेगावॅटपर्यंतचा असेल तरच. खोपोली ७२, भिवपुरी ७५, भिरा त्याहून कितीतरी मोठं. पाऊस तोच, डोंगर तोच, पण रेघेच्या पलीकडे.

ही रेघ कुठून आली? निसर्गात २५ मेगावॅट असा काही टप्पा नाही. १९९९ मध्ये केंद्र सरकारने कामाची वाटणी केली, तेव्हा २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प अपारंपरिक ऊर्जेच्या मंत्रालयाकडे गेले आणि त्यापेक्षा मोठे ऊर्जा मंत्रालयाकडे राहिले. पुढे 'नवीकरणीय काय' असं विचारल्यावर उत्तर मिळालं, जे त्या मंत्रालयाकडे आहे ते. मोठी धरणं वगळण्यामागे एक न्याय्य विचारही होता. जुन्या धरणांची वीज मोजायची ठरवली असती, तर कंपन्यांचा वाटा बसल्याजागी भरला असता आणि एकही नवी पवनचक्की उभी राहिली नसती. शिवाय मोठ्या धरणाखाली किती गावं जातात, हे मुळशीने दाखवलं होतं. पण रेघ ओढताना विस्थापन मोजलं नव्हतं, मेगावॅट मोजले होते. मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय म्हटलं, आणि २०२३ च्या अधिसूचनेत जुन्या जलविद्युत प्रकल्पांची वीज 'इतर' या शीर्षाखाली धरायची मुभा मिळाली. टक्केवारी एकदम वर गेलेली दिसते, तिच्यामागे हेही एक कारण आहे. वाचकाने आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावं.

रेघेच्या अलीकडची वीज बघायची असेल तर आम्हाला लांब जावं लागत नाही. महामार्गाने कापूरहोळ गाठायचं, भोरच्या रस्त्याला वळायचं. पुढे वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. इंग्रजांच्या काळात १९२८ मध्ये पुरं झालेलं, दगडी बांधणीचं. पावसाळ्यात त्याचे ४५ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, तेव्हा बघायला गर्दी होते. त्या गर्दीतल्या फार थोड्यांचं लक्ष धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघराकडे जातं. क्षमता १६ मेगावॅट. पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा त्यातून साधारण १६०० क्युसेक पाणी जातं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, तेव्हा हे पाणी झालं सेकंदाला ४५ हजार लिटर.

मी एकदा कागदावर हिशेब केला. तासाला १६ हजार युनिट आणि तासाला सुमारे १६ कोटी लिटर पाणी. भागाकार केला तर एका युनिटमागे दहा हजार लिटर. मार्च-एप्रिलमध्ये पाणीटंचाईच्या वाडीवर येतो ना, तो एक मोठा टँकर. एक टँकर भाटघरच्या भिंतीच्या उंचीवरून खाली आला की एक युनिट. त्यावर लालबागच्या खोलीतला पंखा बारा-तेरा तास फिरेल. भिऱ्याला मात्र पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडतं, त्यामुळे तिथे एका युनिटला आठशे-साडेआठशे लिटर पुरतात. टाटांनी पूर्वेकडे वाहणारं पाणी उलटं फिरवून कड्यावरून खाली का सोडलं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि भाटघरचं मोठेपणही त्यातच आहे. टँकर मोठा लागतो, पण वीज करून झाल्यावर ते पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला आणि ज्वारीला जातं. आधी वीज, मग शेती, एकाच पाण्यावर दोन्ही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भाटघरचं जनित्र शहराला हवी तेव्हा वीज देत नाही. ते शेतीच्या आवर्तनावर चालतं. खाली पाणी सोडायचं ठरलं तर चाक फिरेल, नाहीतर नाही. भर उन्हाळ्यात मुंबईत एसी घरघरत असताना धरण तळाला गेलेलं असू शकतं. पानशेत आणि वरसगावची आठ-आठ मेगावॅटची वीजघरंही अशीच, पुण्याच्या पिण्याच्या आणि कालव्याच्या पाण्याला बांधलेली. अशा छोट्या वीजघरांची वीज स्वच्छ आहे, पण ती दुसऱ्याच्या घड्याळावर चालते.

जुनी पाण्याची वीज धरायची की नाही, हा घोळ एकट्या मुंबईचा नाही. अमेरिकेत सिएटल शहराची स्वतःची वीज कंपनी आहे, तिची बहुतेक वीज जुन्या धरणांची. वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी २००६ मध्ये कौल देऊन मोठ्या कंपन्यांवर २०२० पर्यंत १५ टक्क्यांची अट घातली आणि त्यातून जुनी धरणं बहुतांशी वगळली. त्यामुळे आधीच कोळशापासून दूर असलेल्या शहरालाही पवनऊर्जा आणि प्रमाणपत्रं घ्यावी लागली. कॅलिफोर्नियात तर आधी शहरांच्या मालकीच्या कंपन्यांना सूट होती, त्यांनी आपली उद्दिष्टं आपणच ठरवायची. लोकनियुक्त मंडळी स्वतःहून नीट वागतील, असा तो विश्वास होता. २०११ मध्ये राज्याने तो सोडला आणि लॉस एंजेलिससारख्या शहरांच्या कंपन्यांनाही खासगी कंपन्यांसारखंच कायद्याने बांधलं. आपल्याकडे बेस्टला पहिल्यापासून इतरांच्याच रांगेत उभं केलं, हे मला योग्य वाटतं.

आता प्रमाणपत्रांकडे येतो, कारण शहरी कंपनीची खरी परीक्षा तिथे होते.

विजेची दोन अंगं असतात, असं कायदा मानतो. एक अंग म्हणजे वीज, जी दिवा पेटवते. दुसरं अंग म्हणजे ती स्वच्छ असल्याचा मान. ही दोन्ही वेगवेगळी विकता येतात. साताऱ्याच्या पठारावरचा पवनचक्कीवाला आपली वीज साध्या भावाने कोणालाही विकू शकतो आणि हजार युनिटमागे एक नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र घेऊन ते वीज बाजारात दुसऱ्याला विकू शकतो. ज्या कंपनीचा वाटा भरला नाही, ती हे प्रमाणपत्र घेते आणि तिच्या खात्यात हजार युनिट जमा होतात. मार्च २०११ पासून हा बाजार सुरू आहे. बेस्टनेही अशी प्रमाणपत्रं घेऊन आपली तूट भरली आहे, आणि सुरुवातीच्या काळात तिला पर्यायही फारसा नव्हता. सौर विजेचा दर तेव्हा डोळे पांढरे करणारा होता. २०१०-११ साठी केंद्रीय आयोगाने ठरवलेला दर होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात तोच २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत सातवा हिस्सा. माझ्या आयुष्यात इतक्या झपाट्याने स्वस्त झालेली दुसरी गरजेची वस्तू मला आठवत नाही.

प्रमाणपत्राचीही तीच गत. २०१० मध्ये सौर प्रमाणपत्राची किमान किंमत १२ हजार रुपये ठरवली होती. पुढे किमान किमतीची अटच गेली आणि हल्ली भाव काही शे रुपयांत असतात. ३०० रुपये धरले तर युनिटला ३० पैसे झाले. एवढ्या पैशांत कोणतीही कंपनी आपली वही शाबूत ठेवू शकते आणि बाकी खरेदी कोळशाची चालू ठेवू शकते. बेकायदा काही नाही. पण ३० पैशांनी कोणी नवा प्रकल्प बांधत नाही. पंचवीस वर्षांचा करार हातात असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. डेअरीच्या भाषेत सांगायचं तर, गाईवाल्याला एखाद-दुसऱ्या दिवशी चार पैसे जास्त देऊन गाय वाढत नाही, वर्षभराचा रतीब लागतो. बर्लिंग्टन हे अमेरिकेतलं छोटं शहर २०१४ पासून स्वतःला शंभर टक्के नवीकरणीय म्हणवतं. तिथली शहराची वीज कंपनी आपली महाग प्रमाणपत्रं विकते, स्वस्त प्रमाणपत्रं घेते आणि मधल्या पैशांनी ग्राहकांचं बिल हलकं ठेवते. तिथले लोक यावर उघडपणे वाद घालतात. आपल्याकडे हा वाद आयोगाच्या सुनावणीबाहेर कधी ऐकू येत नाही, याची मला खंत आहे.

वाटा भरला नाही तर काय होतं? २०१९ च्या नियमावलीत तुटीच्या प्रत्येक युनिटमागे १० पैसे कंपनीच्या मान्य महसुलातून कापायची तरतूद केली होती. म्हणजे तेवढी रक्कम ग्राहकांकडून वसूल करता येत नाही. खासगी कंपनीत तो फटका भागधारकाला बसतो. बेस्टचा भागधारक कोण? महापालिका. म्हणजे फिरून चुलतभाऊच. ग्राहक म्हणून वाचला, तर करदाता म्हणून भरणार. शहराच्या मालकीचा हाच अर्थ असतो.

मग बेस्टने प्रमाणपत्रांऐवजी खरी वीज घ्यायची म्हटलं, तर ती किती लागेल? बेस्टची वर्षाची खरेदी हिशेबाला ४८० कोटी युनिट धरू. त्याचे २९.९१ टक्के म्हणजे जवळजवळ १४४ कोटी युनिट. भाटघर वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण ताकदीने चाललं, जे कधीच होत नाही, तरी १४ कोटी. म्हणजे दहा भाटघरं लागतील. सौर विजेने भागवायचं तर एक किलोवॅटच्या प्लेटा दिवसाला सरासरी चार युनिट देतात, वर्षाला साधारण १४६० युनिट. त्या हिशेबाने हजार मेगावॅटच्या आसपास प्लेटा लागतील. छतावर एका किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा जाते, म्हणजे एकूण दहा चौरस किलोमीटर. मुंबई शहर बेट सगळं मिळून ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यातली चाळींची कौलं, टाक्यांनी आणि टॉवरच्या सावल्यांनी भरलेल्या गच्च्या वगळल्या की उत्तर उघड आहे. मुंबई आपला वाटा आपल्या जमिनीवर उभा करू शकत नाही. तो धुळे, सातारा, सोलापूर किंवा थेट राजस्थान-गुजरातच्या जमिनीवरच उभा राहणार. १९१५ ला पाण्याचं जे झालं, तेच आता उन्हाचं आणि वाऱ्याचं होणार आहे.

आणि जमीन मिळाली तरी रस्ता हवा. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता वर्षानुवर्षं अपुरी होती. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागेवर थांबल्या, तो दिवस तिथल्या कोणी विसरलेलं नाही. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. आता थोडा वाव आला आहे. बेस्टच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. दक्षिण मुंबई हा कार्यालयांचा भाग, तिथला एसींचा भार दुपारी चढतो आणि ऊनही तेव्हाच असतं. रात्रीच्या विजेसाठी वारा, साठवण आणि भिऱ्यासारखं जुनं पाणी हाताशी ठेवावं लागेल.

आता कामथडीच्या गच्चीवर परत येतो.

आमच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्याला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ओट्यावर भिंतीला दोन मीटर आहेत. नेट मीटर दाखवतं, किती युनिट तारेतून घरात आली आणि किती घरातून तारेत गेली. त्याच्या शेजारी जनरेशन मीटर, प्लेटांनी एकूण किती वीज बनवली ते मोजणारं. बिलासाठी सगळे नेट मीटर बघतात. दुसऱ्या मीटरकडे कोणी बघत नाही, म्हणून चुलतभावाला मी मुद्दाम तेच दाखवलं. आयोगाच्या नियमाप्रमाणे, ज्या घरगुती ग्राहकावर स्वतः आरपीओचं बंधन नाही, त्याच्या छतावर बनलेली सगळी वीज त्या भागातल्या वितरण कंपनीच्या आरपीओत धरली जाते. आम्ही घरात वापरलेलीसुद्धा. प्लेटा आमच्या, ऊन आमच्या गावचं, बिल आमचं कमी होतं, आणि स्वच्छतेचा मान महावितरणच्या खात्यात. यात फसवणूक काही नाही. अनुदान, नेट मीटरची सोय, रात्री परत मिळणारी वीज हे सगळं त्याच्या बदल्यात आहे. पण आपण काय देतो आहोत, हे देणाऱ्याला माहीत असावं.

केंद्राच्या पायरीत या छोट्या प्रकल्पांना स्वतंत्र कप्पा आहे. दहा मेगावॅटपेक्षा लहान प्रकल्पांतून २०२४-२५ मध्ये दीड टक्का आणि २०२९-३० पर्यंत साडेचार टक्के वीज यायला हवी. या कप्प्यातला दीड टक्का बेस्टला आपल्या हद्दीत बराचसा भरता येण्यासारखा आहे. ४८० कोटींचा दीड टक्का म्हणजे ७.२ कोटी युनिट, त्याला ५० मेगावॅट प्लेटा पुरतात, म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर छत. महापालिकेच्या शाळा, रुग्णालयं, मंडया, बेस्टचे डेपो यांची छतं शहराच्याच मालकीची आहेत. लालबागच्या चाळीवर प्लेट बसो न बसो, पण कंपनीही शहराची आणि छपरंही शहराची असताना इथे सबब चालू नये. बेस्टच्या विजेवरच्या बसगाड्या डेपोंत चार्ज होतात. डेपोंवर शेड आहे, शेडवर ऊन आहे.

गावाकडची बाजू जमिनीची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेऊन तिथे सौर प्रकल्प उभे करतात, म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज देता येते. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, एकरी ५० हजार, आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. दिवसा लाइट म्हणजे काय, हे ज्याने थंडीच्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने, मोटर चालू करायला विहिरीवर चकरा मारल्यात, त्यालाच कळेल. भोरमध्ये सपाट मोकळी जमीन थोडी, भातखाचरं आणि डोंगरउतारच जास्त. त्यामुळे आमच्याकडे असे मोठे प्रकल्प कमीच राहतील. पण जिथे होतील, तिथे जमीन विकली न जाता भाड्याने जाते, मालकी शेतकऱ्याकडे राहते, ही मुळशीच्या तुलनेत फार मोठी सुधारणा आहे. उद्या बेस्ट किंवा दुसरी कोणती कंपनी आपल्या टक्केवारीसाठी डोंगरात किंवा माळावर जागा शोधेल, तेव्हा तिच्या करारात हीच अट असावी. ज्या गावचं ऊन मोजलं जातं, त्या गावाला त्याचा मोबदला वर्षानुवर्षं मिळत राहावा. आणि बेस्टने दर वर्षी बिलासोबत ग्राहकाला एवढं तरी कळवावं, की तुमच्या शंभर युनिटांतली किती करारातून आली, किती प्रमाणपत्रांतून, आणि कोणत्या जिल्ह्यातून. महाऊर्जा ही राज्याची संस्था हा सगळा हिशेब तपासण्यासाठी गोळा करतेच. तो लालबागच्या खोलीपर्यंत जायला एक ओळ पुरेल.

चुलतभाऊ अनंत चतुर्दशीच्या आधी परत गेला. जाण्याच्या सकाळी तो ओट्यावर आला आणि जनरेशन मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. "किती झाले रे?" मी विचारलं. त्याने आकडा वाचून दाखवला. प्लेटा बसल्यापासून चार हजार युनिट ओलांडले होते.

"म्हणजे चार प्रमाणपत्रांएवढे," मी म्हणालो.

"आणि भाटघरचे चार हजार टँकर," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून कापूरहोळच्या गाडीसाठी रस्त्याकडे निघाला.